जपानी सुंदरीचे हाताने रंगवलेले चित्र घेताना

जपानी चित्रकार उतामारोच्या (मृत्यू १८०६) एखाद्या सुंदरीची हाताने रंगवलेली प्रत मागवणार असाल, तर पैसे देण्याआधी जवळून काढलेले फोटो मागवा आणि पहिल्यांदा गळ्याशी पाहा. किमोनोचा डावा पदर उजव्यावर येतो; उजवा वर फक्त मृतदेहाला नेसवताना घेतात. म्हणजे समोरून बघताना वरची पट्टी आपल्या उजवीकडून डावीकडे उतरायला हवी. तसं नसेल तर चित्र उलटं उतरवलंय, सरळ नकार द्या.

मग कपाळावरचे केस. मूळ चित्रं लाकडी ठशांनी छापलेली. केसांच्या मुळाशी एकेक बारीक रेघ सुटी कोरलेली असते आणि हे काम सर्वांत कसलेल्या कोरक्याकडेच जाई. घाईच्या नकलेत तिथे नुसता काळा पट्टा दिसतो. गालांवर सावल्या घालून उठाव आणलेला असेल, तरी घेऊ नका. या चेहऱ्यांचं सगळं सौंदर्य सपाट रंगात आणि नाकाच्या त्या एका रेषेत आहे, ते हरवलं की फार वाईट वाटतं.

शक्य असेल तर कॅनव्हासऐवजी कागदावर किंवा रेशमावर करून घ्या. तिथे रेषा बारीक आणि स्वच्छ उतरते. भिंतीवर मात्र थेट ऊन नको.