मिरगाआधी मातीचा श्वास कसा बघावा

जंगलातली माती रात्रंदिवस कार्बन डायऑक्साइड सोडत असते. निम्मं काम मुळांचं, निम्मं पालापाचोळा कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीचं. किनवटच्या सागाच्या रानात उन्हाळ्यात पानगळीचा थर साचतो, पण ओल नसल्यामुळे कुजणं थांबलेलं असतं. पहिला पाऊस पडला की काही तासांत हा वायू उसळतो. बर्च या शास्त्रज्ञाने 1958 मध्ये यावर लिहिलं, म्हणून त्याला ‘बर्च परिणाम’ म्हणतात. ते घरच्या सामानात बघता येतं.

आदल्या रात्री लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा चुना घाला, बाटली गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावा आणि हलवा. सकाळी वरची निवळी अलगद ओतून घ्या. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. बांधावरच्या लिंबाखालची सावलीही चालते. तिथलं गवत कापा, उपटू नका. मुळं हलली की हिशेब चुकतो.

आता तीन सारखी, बिनभोकाची घमेली घ्या. बादलीपेक्षा घमेलं बरं, कारण आत हवा कमी आणि खाली माती जास्त. तीन खड्यांवर वाटी टेकवून तिच्यात अर्धी वाटी निवळी ओता, वरून घमेलं पालथं घाला आणि कडेला माती दाबा. काळ्या रानात इथेच घोटाळा होतो: भेग कडेखाली आली की वायू निसटतो. भेग टाळून जागा निवडा. दुसऱ्या जागी अर्धा तास आधी तांब्याभर पाणी शिंपडा, मग तसंच करा. परातीत तशीच निवळीची वाटी ठेवून तिसरं घमेलं तिच्यावर पालथं घाला आणि कडेभोवती पाणी ओता. त्यात माती नाही, फक्त हवा.

तासाभराने तिन्ही उचला. निवळीवर दुधासारखी साय धरलेली दिसेल. तो कॅल्शियम कार्बोनेट. वाकून बघताना श्वास रोखा, आपल्या उच्छ्वासात सुमारे 4 टक्के हाच वायू असतो. परातीतल्या वाटीवरही पातळ साय येईल, ती हवेची. तेवढी वजा धरायची. शिंपडलेल्या जागेची साय बहुधा सगळ्यांत जाड.

आकडा हवा असेल तर चुन्याऐवजी सोडियम हायड्रॉक्साइड लागतं आणि कॉलेजची प्रयोगशाळा.

मिरगाचा पहिला पाऊस पडला की त्याच जागी पुन्हा करा. पण चिखल होऊ देऊ नका. छिद्रं पाण्याने भरली की वायू अडतो आणि साय परत पातळ होते.