जुनी स्विफ्ट डिझेल चालता चालता बंद पडते? दोष असा शोधा

१.३ लिटरच्या टर्बो डिझेलमध्ये पहिला संशय टर्बोवर (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यावर) जातो, आणि बहुतेकदा तो चुकीचा असतो. टर्बोचा होज फाटला तर शिट्टी वाजेल, काळा धूर येईल, ओढ कमी होईल. पण आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) गाडी सहसा बंद पडणार नाही.

आधी बंद कशी पडते ते बघा. चावी फिरवल्यासारखी झटक्यात, तीही इंजिन तापल्यावर, आणि अर्ध्या तासाने मुकाट सुरू? मग संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणाऱ्या सेन्सरवर. बंद पडल्यावर स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलला नाही, तर संशय बळावतो. सेन्सर बदलण्याआधी कनेक्टर आणि वायर हलवून बघा.

गचके खात बंद पडत असेल तर डिझेल पोचत नाही. फिल्टरमधलं पाणी काढा. फिल्टरनंतरच्या कमी दाबाच्या लाइनमध्ये वीतभर पारदर्शक डिझेल पाइप तात्पुरता जोडा. इंजिन चालू असताना बुडबुडे सतत दिसले तर हवा शिरतेय. बहुधा फिल्टरच्या ओ-रिंगमधून (रबरी सीलमधून) किंवा सैल क्लिपमधून. नवा फिल्टर बसवताना जुनी रिंग चिकटून राहते, तेही तपासा.

यानंतर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे दाखवणारं यंत्र. गरम इंजिनाला आयडलवर रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीतला दाब) साधारण २५०–३०० बार हवं. कॉम्प्युटरने मागितलेल्या दाबापेक्षा प्रत्यक्ष दाब घसरत असेल तर चारही इंजेक्टरचा रिटर्न (परत जाणारं डिझेल) वेगवेगळ्या बाटल्यांत मोजा. एकाच बाटलीत फार जास्त आलं, तर तो इंजेक्टर गळतोय.

चालू इंजिनावर हाय प्रेशर पाइप कधीही सैल करू नका. तिथला दाब कातडीत डिझेल घुसवतो.

सिग्नलला थांबताना बंद पडते आणि काळा धूरही येतो? ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काढून काजळी साफ करा.