कळलावी फुलण्याआधी ओळखा आणि कुंडीत लावा

कळलावीची वेल फुलली की ओळखायला सोपी. फुलं नसताना मी आधी पानाचं टोक बघते. देठ नसलेलं, भाल्यासारखं पान निमुळतं होत जातं आणि त्याचं टोकच ताणा होऊन गुंडाळतं. वेगळे ताणे हिला नाहीत. पानांनीच काडी धरत ही वर चढते. कोवळ्या कोंबाच्या खालच्या पानांना मात्र हे वळण नसतं, म्हणून वेल हातभर होईपर्यंत थांबा.

हिरवी कळी खाली मान घालून असते. उमलताना सहाही पाकळ्या मागे उलटतात. कडा नागमोडी, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल; फूल जुनं होतं तसं सगळंच लालभडक होतं. कोकणात ही फुलं गौरीला वाहतात.

लावायची तर कंद रोपवाटिकेतूनच आणा. रानातून उपटू नका. औषधासाठी आधीच ती फार खणली गेली आहे. संस्कृतात हिला लांगली म्हणतात; लांगल म्हणजे नांगर. कंद हातात घेतलात की नाव पटतं: दोन बोटांएवढ्या जाड फांद्या, मध्ये कोन. प्रत्येक फांदीच्या टोकाला एकच डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा. माझ्या पहिल्या कंदाचा डोळा माती दाबताना मोडला आणि त्या पावसाळ्यात कुंडीतून काहीच उगवलं नाही. तेव्हापासून मी कंद आडवा ठेवते, डोळ्याला धक्का लागू देत नाही आणि वर दोन-तीन इंच भुसभुशीत माती हातानेच सोडते.

जूनच्या सुरुवातीला लावा. मातीत वाळू भरपूर हवी, पाणी साचलं की कंद कुजतो. कोंब वर येताच शेजारी काटक्या रोवा. बियांपासूनही वेल होते, पण फुलं यायला तीन-चार वर्षं लागतात.

कंद हाताळताना हातमोजे घालाच. पूर्ण झाड विषारी आहे. कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचं विष असतं, थोडंसं पोटात गेलं तरी जीवावर बेततं. रताळं किंवा दुसरा कंद समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. लहान मुलं, गुरं, कुत्री जिथे फिरतात तिथे लावूच नका. शेंग उकलली की आतले लालचुटूक दाणे मुलांना हमखास खुणावतात, त्यामुळे मुलं कधीमधीच येत असली तरी शेंगा हिरव्या असतानाच काढा.

पावसाळा सरला की पानं पिवळी पडतात. तेव्हा पाणी थांबवा. वेल पूर्ण वाळते, कुंडी रिकामी दिसते आणि घरातलं कुणीतरी ती ओतून टाकायला निघतं. मी त्या जागी एक काठी खोचून ठेवते. खाली जुना कंद आक्रसलेला असतो आणि त्याच्या जागी नवा तयार असतो.