लिटिल अंदमानला निघालात? या चुका ठाण्यातच टाळा

"हॅवलॉक, नील झालं. आता गर्दी नसलेलं एखादं बेट सांगा ना," असं आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीत दिवाळीनंतर कोणी ना कोणी विचारतंच. मी लिटिल अंदमानचं नाव घेते आणि लगेच पस्तावते, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "दोन रात्रीत होईल का?"

नाही होणार. हे बेट पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला साधारण १२० किलोमीटरवर आहे आणि सरकारी बोटीला तिथं पोचायला सहा ते आठ तास लागतात. हॅवलॉकला जाणाऱ्या एसी खाजगी बोटी इकडे फिरकत नाहीत, म्हणूनच तर ते शांत राहिलंय. मी, नवरा, नणंद आणि तिचा आठवीतला मुलगा असे चौघे गेलो होतो. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका आमच्याच आहेत.

परतीचं विमान बोटीला खेटून ठेवणं

सगळ्यात महाग पडलेली चूक ही. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. हट बे या लिटिल अंदमानच्या बंदरावरून परतीची बोट गुरुवारी, पोर्ट ब्लेअरहून विमान शुक्रवारी सकाळी. मधे अख्खी एक रात्र मोकळी, त्यामुळे आम्ही निर्धास्त. बुधवारी संध्याकाळी चहा प्यायला धक्क्याकडे गेलो तर तिकीटखिडकीपाशी माणसं घोळका करून उभी. समुद्र खवळलाय, उद्याची बोट रद्द. गुरुवार गेला, शुक्रवारही गेला, विमान आमच्याशिवाय उडालं. बोट आली शनिवारी. एजंटाला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, निसर्गापुढे कोण काय करणार?" पैसे मात्र निसर्गाने घेतले नव्हते.

घोटाळ्याचं मूळ आपल्या डोक्यातल्या पंचांगात आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की समुद्र निवतो आणि दसऱ्यानंतर तर प्रश्नच नाही. पण ते अरबी समुद्राचं वेळापत्रक झालं. अंदमानात मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस पडतो आणि त्यानंतर ईशान्य मोसमी वारे येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि वादळं तयार होण्याचा हंगाम. म्हणजे आपण दिवाळीची सुट्टी साधून ज्या दिवसांत जातो, नेमके तेच बेभरवशाचे. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत समुद्र बराच वळणावर असतो.

आता करायचं काय? सहलीचा क्रम उलटा लावा. उतरलात की पहिल्या बोटीने लिटिल अंदमान गाठा आणि सेल्युलर जेल, रॉस बेट वगैरे शेवटी ठेवा. विमानाच्या आधी किमान दोन पूर्ण रात्री पोर्ट ब्लेअरला असायलाच हव्यात. बोट वेळेवर आली तर त्या दोन दिवसांत फिराल, नाही आली तर तेच दोन दिवस तुम्हाला वाचवतील.

आणि बोट खरोखरच रद्द झाली तर? आधी खोली सोडू नका, कारण अडकलेले सगळेच खोल्या शोधत असतात. मग खिडकीवर जाऊन पुढच्या बोटीचं विचारा. त्याच संध्याकाळी विमान कंपनीला फोन करून तारीख बदला. आम्ही "बघू, उद्या सुटेलही" म्हणत थांबलो आणि न कळवता गैरहजर राहिल्यामुळे तिकिटाचे जवळजवळ सगळे पैसे गेले. हेलिकॉप्टर आहे, पण जागा मोजक्या असतात आणि आजारी माणसाला आधी नेतात. त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

बोटीची तिकिटंही महिनाभर आधी हातात पडत नाहीत, थोडे दिवस आधीच सुटतात. ठाण्यात बसून सगळं पक्कं करायची सवय असलेल्यांना याचा त्रास होतो. मला झाला. जाता जाता नावांचंही सांगते. हॅवलॉक आणि नील डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झालेत, आणि पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम. कुठल्या पाटीवर, कुठल्या तिकिटावर कोणतं नाव दिसेल याचा नेम नाही. नणंदेने एकाच गावाला दोन गावं समजून दोन्हीकडे हॉटेल बघायला घेतलं होतं.

मांडव्याच्या लाँचवरून अंदाज बांधणं

"मला कधी बोट लागत नाही," असं नणंदताईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं. अनुभव कसला, तर गेटवे ते मांडवा. त्यांनी सकाळी भरपेट पुरी-भाजी खाल्ली आणि मोकळा समुद्र लागल्यावर पुढचे चार तास डोळे मिटून रेलिंगला धरून काढले. उलटीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. पोट ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते. पोटात हलकं काहीतरी हवं. आमच्याकडच्या दशम्या आणि लिंबाचं लोणचं त्या दिवशी सगळ्यात जास्त खपलं. बसायला बोटीचा मधला भाग धरा, तिथं हेलकावा कमी जाणवतो.

घड्याळ ठाण्याचंच ठेवणं

घड्याळ एकच, पण सूर्य वेगळा. हे बेट आपल्यापेक्षा जवळपास वीस अंश पूर्वेला आहे, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. ठाण्यात पाच म्हणजे चहाची वेळ. आम्ही पहिल्या दिवशी जेवून, लवंडून साडेतीनला बटलर बेच्या किनाऱ्यावर जायला निघालो. पोचून पाय ओले होतायत तोवर उजेड सरला. परत यायला रिक्षा नाही, रस्त्यावर दिवे नाहीत. पहाटे पाचला उठा, दुपारी झोपा. गावही असंच चालतं.

पत्ते तर मला फारच आवडले. बेटावर मुख्य रस्ता एकच, म्हणून जागा धक्क्यापासूनच्या किलोमीटरवर ओळखल्या जातात. बटलर बे म्हणजे चौदा किलोमीटर. "अकरा किलोमीटरला उतरवा" म्हटलं की झालं. धबधब्याचं इंग्रजी नाव सांगत बसलात तर समोरचा नुसता बघत राहतो, साडेसहा किलोमीटर म्हणा. मात्र स्कूटर किंवा रिक्षा घेतलीत तर परतीची वेळ आधीच ठरवून ठेवा, नंतर फोन लागेलच असं नाही.

पाण्याशी आपल्या ओळखीने वागणं

निघण्याआधी चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी हिशेब शिकवला होता: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. आपल्या किनाऱ्यावर तो बऱ्यापैकी जमतो. नवऱ्याने तिथं पोचल्यावर वाळूत बोटाने गुणाकार केला, ओहोटी आहे म्हणून चपला खाली काढून ठेवल्या आणि अर्ध्या तासाने त्या पाण्यावर तरंगताना दिसल्या. भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्याची निराळी असते. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक घ्या, नाहीतर जाळी टाकणाऱ्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. खाडीचं तोंड आणि तिवरांची झाडी दिसली की आपल्याला ऐरोलीची खाडी आठवते आणि आपण फ्लेमिंगो शोधत कडेला जाऊन उभे राहतो. इथं ते करू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्या समुद्रातूनही पोहत जातात, आणि २०१० मध्ये हॅवलॉकला एका अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. ओढा जिथं समुद्राला मिळतो तिथं पाय बुडवायचे नाहीत, अंधार पडताना तर नाहीच. पाटी नाही म्हणजे मगर नाही असं नसतं. पोहण्याआधी गावातल्या माणसाला विचारा, "या आठवड्यात कोणाला दिसली का?" हा प्रश्न तिथं कोणाला विचित्र वाटत नाही.

लाटाही जोरदार असतात. लोक इथं सर्फिंगला येतात ते उगीच नाही. पाणी समुद्राकडे ओढायला लागलं तर किनाऱ्याच्या दिशेने झटत राहू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हा आणि मग किनाऱ्याकडे या. प्रवाळावर पाय कापला तर जखम साधी समजू नका. स्वच्छ पाण्याने धुवून आतले कण काढावे लागतात, नाहीतर ती चिघळते. रबरी तळाचे बूट न्या.

डासांची तयारी करून माशीला विसरणं

ओल्या वाळूत एक बारीक माशी असते, सॅंडफ्लाय. चावताना कळतही नाही. भाचा दिवसभर वाळूत लोळला, संध्याकाळी ठणठणीत होता. दुसऱ्या रात्री दोन वाजता उठून बसला आणि पोटऱ्या खाजवून रक्त काढलं. मी टॉर्चने बघितलं तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत मोजून एकेचाळीस लाल पुळ्या. खाजवल्या की आठवडाभर जात नाहीत. वाळूवर थेट आडवं व्हायचं नाही, जाड चटई टाकायची. सकाळ-संध्याकाळ पायांना खोबरेल तेलाचा चांगला जाड थर द्यायचा. मला तरी डासांच्या मलमापेक्षा तेच उपयोगी पडलं. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच न्या.

फोनवर पैसे आहेत म्हणून खिसा रिकामा ठेवणं

चेन्नईहून समुद्राखालून आलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि ती लिटिल अंदमानपर्यंत पोचली आहे. तरी चौदा किलोमीटरवरच्या टपरीत क्यूआर कोडचा स्टिकर होता आणि रेंज नव्हती. तीन चहा उधार राहिले, दुसऱ्या दिवशी फेडले. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, दहा-वीसच्या नोटा जास्त. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर पोलिसात जायचं नाही.

"आदिवासी बघायला मिळतील का?"

हा प्रश्न विचारूच नका. डुगाँग क्रीक आणि साउथ बेच्या बाजूला ओंगे राहतात, जेमतेम शे-दीडशे माणसं उरली आहेत. त्यांचा भाग १९५६ च्या कायद्याने राखीव आहे आणि तिथं पर्यटकाने जाणं गुन्हा आहे. "ओळखीने नेतो" म्हणणारा भेटला तर तिथून काढता पाय घ्या.

शंख-प्रवाळ खिशात घालणं

किनाऱ्यावर पांढऱ्या प्रवाळाचे तुकडे खच पडलेले असतात, मेलेलेच असतात, मग एक उचलला तर काय बिघडलं असं वाटतं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, त्यात मेलेला-जिवंत असा भेद चालत नाही. शंख हवाच असेल तर परवाना असलेल्या दुकानातून घ्या आणि पावती जपा. विमानतळावर सामान तपासतात. आमच्या भाच्याची बॅग मशीनमधून पुढे गेली आणि मागे आली. जवानाने न बोलता मोज्यांचा जोड बाहेर काढला, एका मोज्यातून बोटाएवढा तुकडा निघाला. तो ट्रेमध्ये ठेवून त्याने विचारलं, "और है?" भाच्याने माझ्याकडे बघितलं, हळूच म्हणाला, "मामी, दुसऱ्या मोज्यात."