जुनी नाणी विकायला काढताय? या चुका टाळा

कोकणातल्या बऱ्याच देवघरांत शिवाजी महाराजांच्या नावाची एखादी तांब्याची शिवराई, व्हिक्टोरियाचा एखादा राणीछाप रुपया असतोच. दिवाळी आली की ताम्हन-पळीबरोबर तीही आमसुलं लावून घासली जातात, आणि सगळ्यांत मोठं नुकसान इथेच होतं. आंबटाने तांब्याचा वरचा थर जातो, राखेने अक्षरं झिजतात. संग्राहक पैसे मोजतो ते त्या काळपट झाकेचे आणि ठसठशीत अक्षरांचे; चकचकीत केलेलं नाणं तो बाजूला सारतो. घासून गेलेलं पुन्हा येत नाही. म्हणून पूजेचं नाणं वेगळं आणि जपायचं वेगळं, हे घरात आधी ठरवा. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला आणि मऊ कापडाने नुसतं टिपा.

हिरवं दिसलं की घाबरू नका. गडद, गुळगुळीत, घट्ट बसलेला थर नाण्याला जपतो. फिकट हिरवी भुकटी बोटाला लागली तर मात्र धातू आतून खाल्ला जातोय. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे झपाट्याने वाढतं. असं नाणं लगेच वेगळं काढा आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पीव्हीसीचे स्वस्त अल्बम तर नकोतच.

ओळखताना घाई होते. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ठसा नाण्याहून मोठा असायचा, त्यामुळे अक्षरं अर्धवट असली म्हणून नाणं खोटं ठरत नाही. मध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे पेशवाईतली; ती महाराजांच्या काळातली म्हणून विकू नका. वाकवलेल्या चांदीच्या तारेवर फारसी अक्षरं दिसली तर ती लारी असू शकते. आदिलशाहीत, आपल्या बंदरांवर हे चलन चालायचं. मोड समजून ती आटवली गेली की संपलं.

रुपया तोलून बघा: व्हिक्टोरियाचा 11.66 ग्रॅम भरतो, झिजलेला थोडा कमी. 1862 साल बघून हुरळू नका, तेच साल पुढे कित्येक वर्षं छापलं जात होतं. 1940 पासून रुपयात चांदी निम्मीच. 1947 चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. रामदरबार असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा 1818 चा अर्धा आणा कुणी लाखाला मागितला तरी भुलू नका, कंपनीने असं नाणं पाडलंच नव्हतं.

भावासाठी एकट्या सोनाराकडे जाऊ नका, तो मोडीचाच भाव सांगणार. लिलावात तसंच नाणं प्रत्यक्ष कितीला गेलं ते बघा. ‘लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल बँकेनेच 2021 मध्ये सावध केलं होतं.

परसात किंवा विहीर खणताना नाण्यांचा हंडा लागला तर परस्पर विकू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे 10 रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. हंडा सापडला तसाच राहू द्या, कोणतं नाणं कशाखाली होतं यावरून अभ्यासकांना काळ ठरवता येतो.