मुलाच्या नागरिकत्वाचा अर्ज: वास्तव्याच्या हिशेबात या चुका टाळा

मूल डिचोलीत वाढतं, फोंड्याच्या शाळेत जातं. घरात मराठी, गल्लीत कोंकणी. पासपोर्ट मात्र पोर्तुगालचा, नाहीतर अमेरिकेचा. गोव्यात अशी घरं कमी नाहीत. मुलाला भारतीय नागरिक करायचं ठरलं की आईवडील कागद जमवतात, ऑनलाइन अर्ज भरतात, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या सुरू होतात. आणि बऱ्याच काळानंतर समजतं की अर्ज भलत्याच कलमाखाली गेला, किंवा दिवस कमी पडले. अशा काही कुटुंबांसोबत बसून मी कागद लावले आहेत. मुलाची वर्षं अशी फुकट जाताना बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लहान मुलासाठी देशीयकरणाचा अर्ज

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘बारा वर्षं इथं राहिलं की मिळतं’ हे वाक्य कुणाकडून तरी कानावर पडतं आणि आईवडील दहा वर्षांच्या मुलाची वर्षं मोजायला लागतात. पण ती वर्षं नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ६ मधली, म्हणजे देशीयकरणाची (परदेशी माणसाने इथं दीर्घकाळ राहून नागरिकत्व मिळवण्याची) आहेत आणि तिथं अर्जदार सज्ञान असावा लागतो. अठरा पूर्ण न झालेल्या मुलासाठी तो मार्गच नाही.

मुलासाठी आहे ती कलम ५ खालची नोंदणी. आईवडील दोघेही भारतीय नागरिक असतील तर पोटकलम ५(१)(डी) बघा. त्यात वास्तव्याची मुदत घातलेलीच नाही. अमेरिकेत जन्मलेलं बाळ घेऊन परतलेल्या एका जोडप्याने, दोघांचे पासपोर्ट भारतीय असताना, ‘सात वर्षं भरू देत’ म्हणून नुसती वाट बघितली. ती सात वर्षं दुसऱ्याच पोटकलमातली होती.

आईवडिलांपैकी एकच भारतीय असेल तर (डी) लागू पडत नाही. मग कलम ५(४) उरतं: विशेष परिस्थिती आहे अशी खात्री पटली तर केंद्र सरकार कोणत्याही अज्ञान मुलाची नोंदणी करू शकतं. तो सरकारचा अधिकार आहे, आपला हक्क नव्हे. त्यामुळे मूल कुणाजवळ राहतं, शाळा कुठली, सांभाळ कोण करतं हे कागदासकट मांडावं लागतं. ‘विशेष परिस्थिती’ एवढेच दोन शब्द लिहून अर्ज पाठवू नका.

याही आधी एक गोष्ट तपासा. मूल भारतातच जन्मलं असेल तर ते आधीपासून भारतीय असू शकतं. ३ डिसेंबर २००४ पासून पुढच्या जन्मांसाठी नियम असा: आईवडील दोघे भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा त्या वेळी बेकायदा स्थलांतरित नव्हता, तर मूल जन्मानेच भारतीय. मडगावात जन्मलेल्या मुलाची आई भारतीय आणि वडील रीतसर व्हिसावर किंवा ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि काही जोडीदारांना मिळणारं ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड) राहणारे पोर्तुगीज नागरिक असतील, तर नोंदणीचा अर्ज कशाला? मात्र नंतर त्या मुलाच्या नावाने परदेशी पासपोर्ट काढला असेल तर गोष्ट गुंतागुंतीची होते. तिथं आधी वकील गाठा.

‘अठराव्या वर्षी परत मागता येईल’

आपल्या गोव्यात हा समज फार पसरला आहे. २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा जन्मलेल्या लोकांना १९६२ च्या आदेशाने भारतीय नागरिकत्व मिळालं. पुढे त्यांच्यातल्या अनेकांनी, त्यांच्या मुलानातवंडांनी लिस्बनात जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतले. आता मूल मोठं झाल्यावर कुणीतरी कलम ८(२) दाखवतं: आईबापांनी नागरिकत्व सोडल्यामुळे मुलाचं गेलं असेल, तर सज्ञान झाल्यापासून एका वर्षाच्या आत घोषणापत्र देऊन ते परत घेता येतं.

कलम खरं आहे. पण ते आईबापांनी कलम ८ खाली रीतसर घोषणा करून नागरिकत्व सोडलं असेल तरच. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर भारतीय नागरिकत्व कलम ९ खाली आपोआप जातं, आणि तिथं ८(२) चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात, सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेल्या आईवडिलांच्या मुलाच्या प्रकरणात, हेच स्पष्ट केलं. त्या एका वर्षाच्या भरवशावर बसून राहू नका.

अशा मुलाला अठरानंतर ५(१)(एफ) उपयोगी पडतं: तो स्वतः किंवा त्याच्या आईवडिलांपैकी कुणी पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, आणि अर्जाच्या लगेच आधीचे बारा महिने तो भारतात राहिला आहे. ओसीआय कार्ड असेल तर ५(१)(जी) सुद्धा आहे. त्यात कार्डाला पाच वर्षं झालेली हवीत आणि हेच बारा महिने.

बारा महिन्यांत केलेली सहल

बहुतेक अर्ज इथंच अडकतात. बारा महिने म्हणजे ‘जवळजवळ वर्षभर’ नव्हे, अर्जाच्या तारखेपासून मागे मोजलेले सलग बारा महिने. १० जून २०२५ ला अर्ज करायचा तर १० जून २०२४ पासून मूल भारतातच असायला हवं. मे महिन्याच्या सुट्टीत मावशीकडे दुबईला पंधरा दिवस गेलं, की खंड पडला.

‘तीस दिवस माफ असतात’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. २०१५ च्या दुरुस्तीने सवलत आली आहे, पण ती विशेष परिस्थितीत, कारण लेखी नोंदवून, केंद्र सरकारने द्यायची. जास्तीत जास्त तीस दिवस, तेही वेगवेगळ्या खंडांत चालतात. आजारपण, मयत अशा कारणासाठी तिचा विचार करा. लग्नाला जायचं असेल तर अर्जच पुढे ढकला.

भारतीय वंशाच्या माणसासाठीची ५(१)(ए) मधली सात वर्षंही सलग नसतात. शेवटचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. देशीयकरणात शेवटचे बारा महिने, आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा. मोरजीत किंवा कळंगुटात वाढलेल्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या मुलाला अठरानंतर हाच हिशेब लागेल. तिथं आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञानही लागतं. कोंकणी आणि मराठी दोन्ही त्यात आहेत, तेव्हा इथं वाढलेल्या मुलाला ती अडचण येऊ नये.

सीएएमुळे, म्हणजे २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यामुळे, देशीयकरणातल्या अकराची पाच झाली, हे खरं, पण अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या ठरावीक समाजांसाठी. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात एका ज्येष्ठ नागरिकाला या कायद्याखाली प्रमाणपत्र मिळालं, तेव्हापासून लोक ही पाच वर्षं गैरसमजाने सरसकट सगळ्यांना लावतात. लिस्बनहून आलेल्या मुलाचा त्या सवलतीशी संबंध नाही.

मामलेदाराचा दाखला पुरेल असं धरणं

मामलेदार कचेरीतला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला नोकरीसाठी आपल्या सवयीचा आहे. तो जोडायला हरकत नाही, पण कुठल्या तारखेला मूल देशात होतं आणि कुठल्या तारखेला नव्हतं हे तो सांगत नाही. ते सांगतात पासपोर्टवरचे शिक्के. म्हणून जुना पासपोर्ट टाकू नका. दाबोळी आणि मोपा विमानतळांवरचे सगळे शिक्के तारखेनुसार एका कागदावर उतरवा, शेजारी शाळेची हजेरी ठेवा आणि मगच अर्जाची तारीख ठरवा.

मुलाचा व्हिसा मध्येच संपू देऊ नका. मुदतीपेक्षा जास्त राहणारा कायद्याने बेकायदा स्थलांतरित ठरतो, आणि नोंदणी व देशीयकरण दोन्ही त्याला बंद होतात. दिवस पूर्ण असूनही.

आणि परदेशी नागरिकत्व आधीच सोडून येऊ नका. देशीयकरणाच्या अटीतसुद्धा हमी मागितली आहे ती अर्ज मान्य झाल्यावर सोडण्याची. उत्साहाच्या भरात आधी सोडलं आणि इकडचा अर्ज रखडला, तर मुलाकडे कुठल्याच देशाचा पासपोर्ट उरत नाही. मान्यतेचं पत्र हातात येईपर्यंत तो पासपोर्ट चालू ठेवा, मुदत संपत आली तर नवा काढा, आणि नव्याची प्रत अर्जाच्या फायलीत लावायला विसरू नका.