स्कूबासाठी फिन्स निवडताना: आधी पाऊल, मग पाते

स्कूबा डायव्हिंगचे स्वतःचे साहित्य घ्यायची वेळ आली की बहुतेक जण मास्क आणि रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासासाठी तोंडाशी देणारे साधन) यांची चार ठिकाणी चौकशी करतात आणि फिन्स, म्हणजे पायात घालायची वल्ह्यासारखी पाती, मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत, रंग पाहून उचलतात. हा क्रम मला योग्य वाटत नाही. पाण्याखाली डायव्हर हातांनी पोहत नाही. पुढे सरकणे, वळणे, मागे येणे, एका जागी स्थिर राहणे ही सगळी कामे पायांवर असतात. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असल्यामुळे पायाची प्रत्येक चुकीची हालचाल श्वासात मोजली जाते. फिन पायाला जुळली नाही तर मांड्या आणि पोटऱ्या विनाकारण राबतात, श्वास वाढतो आणि टँकमधली हवा लवकर संपते. म्हणून फिन निवडणे हा मुळात आपल्या पायाची रचना आणि आपण जिथे उतरणार आहोत ते पाणी यांचा मेळ घालण्याचा प्रश्न आहे.

सुरुवात फूट पॉकेटपासून, म्हणजे पाऊल ज्यात जाते त्या भागापासून करावी. याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात टाच पूर्ण झाकली जाते आणि फिन अनवाणी किंवा पातळ मोज्यावर घालतात. ती हलकी आणि सुटसुटीत असते, आणि बोटीवरून थेट उबदार पाण्यात उतरणाऱ्यांना पुरते. दुसऱ्यात टाच उघडी असून मागे पट्टा असतो आणि आत निओप्रीनचे बूट घालावे लागतात. किनाऱ्यावरून किंवा खडकांतून चालत पाण्यात शिरायचे असेल, तर बुटाचा जाड तळ पाय कापण्यापासून वाचवतो. शिवाय हिंदकळणाऱ्या बोटीच्या शिडीशी पट्टा एका हाताने ओढून फिन काढता येते. नव्याने शिकणाऱ्याने स्वतःची जोडी घेताना हाच दुसरा प्रकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तो अधिक ठिकाणी उपयोगी पडतो.

मापाच्या बाबतीत मी एकदा चूक केली होती. भाड्याने घेतलेली बंद टाचेची फिन एक माप मोठी होती आणि "पाण्यात चालून जाईल" या समजुतीने मी ती तशीच घातली. प्रत्येक किकला टाच आत-बाहेर सरकत होती आणि ती निसटू नये म्हणून मी नकळत पायाची बोटे आवळून धरत होतो. पंधरा-वीस मिनिटांत तळपायात गोळा आला, आणि वर आल्यावर पाहिले तर टाचेवरची कातडी सोलवटून निघाली होती. सैल फिनचे खरे नुकसान हे असे असते: पायाची ताकद पात्यापर्यंत पोहोचण्याआधीच फटीत वाया जाते आणि पाऊल फिन धरून ठेवण्याच्या कामाला लागते. घट्ट फिनने बोटे बधिर होतात, पायाचा वरचा भाग दुखतो आणि रक्तपुरवठा अडल्यामुळे गोळे येणे सोपे होते.

त्यामुळे दुकानात जाताना आपले बूट सोबत न्यावेत आणि फिन त्या बुटांवरच घालून पाहावी. खुर्चीवर बसून पाय उचलावा, घोट्यापासून जोरात हलवावा आणि तीन गोष्टी तपासाव्यात: बोटे थोडी हलतात का, पाऊल डावी-उजवीकडे सरकते का, आणि पावलाच्या वरच्या बाजूला एखादी कड रुतते का. दोन मिनिटांत उठू नये. दहा मिनिटे तशीच घालून बसावे, कारण रुतणारी कड लगेच कळत नाही. आपल्यापैकी अनेकांचे पाऊल चपलेत वाढल्यामुळे पुढे पसरट असते, आणि परदेशी साच्यांतली काही फूट पॉकेट्स पुढे निमुळती असतात. अशा वेळी एक माप मोठे घेऊन प्रश्न सुटत नाही, कारण लांबी वाढते आणि टाच सैल पडते. दुसऱ्या साच्याची फिन शोधणे हाच त्यावर उपाय आहे.

पाऊल नीट बसले की मग पात्याकडे वळावे. पाते पाणी मागे ढकलते आणि त्या बळावर आपण पुढे जातो, एवढे तत्त्व साधे आहे. पण ते किती वाकते यावर सारे अवलंबून असते. फार मऊ पाते जोराच्या किकला दुमडते आणि पाणी कडेने निसटून जाते. फार ताठ पाते पाणी भरपूर ढकलते, मात्र तेवढाच भार घोट्यावर आणि पोटरीवर उलटा येतो. पाते जितके लांब, तितका हा भार वाढतो, कारण ते घोट्याला लावलेल्या लांब तरफेसारखे काम करते. एका श्वासात खोल जाणाऱ्या फ्रीडायव्हरची लांब पाती पाहून मोहात पडू नये. टँक, जॅकेट आणि वजने घेऊन सावकाश फिरणाऱ्या स्कूबा डायव्हरची गरज वेगळी असते. इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. पाण्यात वेग दुप्पट केला तर विरोध सुमारे चौपट होतो आणि लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. त्यामुळे कोणती फिन सर्वांत वेगवान, या चर्चेत वेळ घालवू नये. सावकाश चालीत पाय न थकता काम करणारी आणि अचानक करंट, म्हणजे पाण्याचा जोराचा प्रवाह, लागला तर थोडा वेळ जोर देऊ शकणारी फिन चांगली.

पात्याच्या कडांना उभ्या पट्ट्या असतात, त्या पाणी बाजूने निसटू देत नाहीत. काही पात्यांत मधे मऊ रबराच्या पन्हाळी असतात. किक मारताना त्या फुगतात आणि पाते चमच्यासारखे खोलगट होते. फ्रान्समधील ब्यूशा कंपनीने 1964 मध्ये जेट फिन आणली, तिच्या पात्याला पावलाजवळ आरपार झडपा ठेवल्या होत्या, जेणेकरून पाय परत घेताना विरोध कमी व्हावा. त्या धर्तीची आखूड, रुंद, जड रबरी फिन आजही अनेक प्रशिक्षक वापरतात. पाते मधोमध चिरलेल्या फिन्सही मिळतात. त्या पायाला हलक्या लागतात आणि गुडघे दुखणाऱ्यांना सोयीच्या वाटतात, पण त्यांना वर-खाली अशी लहान, जलद किक लागते.

आता किकचा मुद्दा, आणि इथे पाणी कोणते हे महत्त्वाचे ठरते. मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यात तळ वाळूचा आणि गाळाचा असतो, आणि पुष्कळदा काही मीटरपलीकडचे दिसत नाही. तिथे वर-खाली किक मारली की पात्याचा झोत थेट तळावर जातो, वाळू उडते आणि मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळही आहे आणि 1987 पासून तो भाग सागरी अभयारण्यात मोडतो. लांब पात्याचा एक फटका वर्षानुवर्षे वाढलेली फांदी मोडू शकतो. अशा ठिकाणी बेडकासारखी किक शिकावी: गुडघे वाकवून पाती तळापासून उंच ठेवायची, तळवे बाहेर वळवून पाणी मागे ढकलायचे आणि मग क्षणभर नुसते तरंगत पुढे जायचे. या किकसाठी आखूड, रुंद, बऱ्यापैकी ताठ पाते लागते. चिरलेले पाते बाजूला वळवताना पाणी धरत नाही आणि मागे येण्याची किक तर त्याने फारच अवघड होते. कर्नाटकातल्या मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटाला जाणाऱ्यांना तळ खाली दूर असल्यामुळे गाळाची चिंता कमी, पण करंट मिळू शकतो.

फिनचे वजनही पाहावे. जाड रबराची जोडी तीन किलोच्या आसपास भरते आणि पाण्यात बुडते. प्लास्टिकमिश्रित पाती बरीच हलकी असतात आणि काही तर तरंगतात. पाण्यात आडवे, स्थिर राहून पाहावे: पाय आपोआप खाली जात असतील तर हलकी फिन घ्यावी, आणि पाय वर उचलले जात असतील तर जड रबरी फिन ते खाली धरते. विमानाने अंदमानला जाणाऱ्यांना मात्र हे तीन किलो सामानाच्या मर्यादेत मोजावे लागतील.

नवीन फिनने पोटरीत गोळा आलाच, तर घाबरू नये. थांबावे, जोडीदाराला खूण करावी, पाय सरळ करून पात्याचे टोक हाताने धरावे आणि ते आपल्याकडे हळूहळू ओढावे. पोटरी ताणली गेली की गोळा सुटतो. एकाच डाइव्हमध्ये हे वारंवार होत असेल, तर पाते आपल्या पायांना जास्त ताठ आहे असे समजावे.

पट्ट्याचे रबर चिरा पडून नेमके बोटीवर तुटते, म्हणून प्रत्येक सहलीआधी ते ताणून तपासावे. स्टेनलेस स्टीलच्या स्प्रिंगचा पट्टा महाग असला तरी घालायला आणि काढायला फार सोपा आहे. डाइव्हनंतर फिन्स गोड्या पाण्यात धुऊन सावलीत आडव्या वाळवाव्यात. टोकावर उभ्या ठेवल्या किंवा उन्हात तापलेल्या गाडीत टाकल्या, तर पाते वाकडे होते आणि ते सहजासहजी पुन्हा सरळ होत नाही. बोटीवर परतताना शिडी किंवा दोर हातात आल्याशिवाय फिन काढू नये, कारण करंटमध्ये फिनशिवाय माणूस बोटीपासून सहज दूर वाहून जातो.

विकत घेण्याआधी शक्य असेल तर तीच फिन तलावात किंवा एखाद्या सोप्या डाइव्हवर भाड्याने वापरावी, आणि लॉगबुकमध्ये, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, तीन नोंदी कराव्यात: सारखी खोली आणि सारखा वेळ असताना टँकमध्ये किती बार (हवेच्या दाबाचे एकक) उरले, पाय कुठे दुखला, आणि वर आल्यावर पावलावर कुठे लाल व्रण उमटला. दोन जोड्यांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या की निवड करणे अवघड राहत नाही.